मुलाचे नाव ‘फ्रीडरिक’ ठेवावे का?

पत्राचा सारांश : मूळच्या सांगलीकडच्या आणि लग्नानंतर जर्मनीत स्थायिक झालेल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे पती जर्मन आहेत. दोन महिन्यांनी त्यांना पहिले मूल होणार असून, तो मुलगा असल्याचे तेथील रीतीप्रमाणे डॉक्टरांनी सांगितले आहे. पतीच्या घराण्यात एक पिढी सोडून थोरल्या मुलाचे नाव फ्रीडरिक ठेवण्याची चाल आहे. सासऱ्यांचे नाव फ्रीडरिक, त्यांच्या आजोबांचेही तेच, आणि आता ते नातवाला मिळावे अशी पतीची इच्छा आहे. सासरे स्वतः याविषयी काही बोललेले नाहीत. भगिनींना मात्र हे नाव जड वाटते. त्याचा अर्थ ‘शांततेने राज्य करणारा’ असा त्यांनी इंटरनेटवर वाचला, पण नावाच्या शेवटी ‘राइख’ (म्हणजे साम्राज्य) या शब्दासारखे काहीतरी ऐकू येते आणि प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचे राजे, युद्धे व हिटलरचा काळ डोळ्यांपुढे येतो, असे त्या लिहितात. सांगलीला त्यांच्या आईची अडचण निराळीच आहे : सासऱ्यांचे नाव घेऊन मुलाला हाक कशी मारायची, आणि रागवायचे तरी कसे? शिवाय पत्रिकेतल्या अक्षराचे काय? पत्राच्या शेवटी त्या विचारतात : ‘या नावाचा खरा अर्थ आणि इतिहास काय आहे? त्या इतिहासाचे कारण देऊन मी नकार दिला तर ते चुकीचे ठरेल का? आडनाव त्यांचे, देश त्यांचा, भाषा त्यांची. आता नावही त्यांचेच.’

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात नावाचा अर्थ आणि इतिहास यांवर बरेच लिहिले आहे आणि शेवटचे वाक्य जाता जाता आल्यासारखे आहे. मला मात्र सगळे पत्र त्या शेवटच्या वाक्यासाठीच लिहिले गेले आहे असे वाटते. त्याकडे मी येणारच आहे. पण अर्थ आणि इतिहास तुम्ही मनापासून विचारला आहे, आणि तो नीट कळल्यावर त्या शेवटच्या वाक्यातली सलही थोडी वेगळी दिसू लागेल, म्हणून आधी तिथूनच सुरुवात करते.

फ्रीडरिक हे जुन्या जर्मानिक पद्धतीचे, दोन शब्द जोडून केलेले नाव आहे. जुन्या उच्च जर्मन भाषेत त्याचे रूप ‘फ्रिडुरिह’च्या जवळचे होते. पहिला भाग ‘फ्रिडू’, म्हणजे शांतता, अभय, संरक्षण. दुसरा भाग ‘रीही’, म्हणजे सत्ताधारी, बलवान. हाइनरिश, डीटरिश, उलरिश या नावांच्या शेवटी येतो तो हाच भाग. ‘राइख’ हा शब्दही त्याच कुळातला आहे, तेव्हा तुमच्या कानांनी ओळखले ते बरोबरच ओळखले. पण हे कूळ विसाव्या शतकाच्या कितीतरी आधीचे आहे. जर्मानिक लोकांनी हा शब्द फार पूर्वी केल्टिक भाषेतून उचलला, आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘रेक्स’शी व आपल्या ‘राजन्’शी एक आहे. ‘फ्रिडू’चे मूळ तर ‘प्रेम करणे’ या अर्थाच्या धातूकडे जाते, ज्यातून संस्कृतातला ‘प्रिय’ आला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर तुमच्या सासऱ्यांच्या नावाचे दोन्ही तुकडे ‘प्रिय’ आणि ‘राजा’ या आपल्या दोन शब्दांचे दूरचे नातलग आहेत. आईंना हे जरूर सांगा. अक्षर जुळो न जुळो, नाव अगदीच परके नाही हे त्यांना पटेल.

मात्र ‘शांततेने राज्य करणारा’ हा अर्थ तुम्ही वाचलात तसा सरळ घेऊ नये, असे मला सुचवायचे आहे. जर्मानिक नावे ही बहुधा वाक्ये नव्हती. घराण्यात चालत आलेले शब्द निवडून ती जोडली जात. एका जुन्या जर्मन वीरकाव्यात आजोबा हेरिब्रांड, मुलगा हिल्डेब्रांड आणि नातू हाडुब्रांड आहेत. तिघांत ‘ब्रांड’ हा शेवट आणि आरंभीचा ‘ह’ सामाईक आहे, आणि त्यावरूनच ही एका रक्ताची माणसे आहेत हे ऐकणाऱ्याला कळे. हिल्डेगुंड या स्त्रीनामाचे दोन्ही भाग ‘लढाई’ याच अर्थाचे आहेत. त्याचा अर्थ लावायला गेले तर हाती काहीच लागत नाही. आपणही रणजित नाव ठेवताना मुलाला कोणत्या रणात पाठवायचे याचा विचार करत नाही. नावाचा कोशातला अर्थ जाणून घ्यावा, त्याचा आनंदही घ्यावा, पण त्यावरून मुलाचे भवितव्य किंवा घराण्याची वृत्ती वाचू नये.

पहिल्या भागाबद्दल आणखी थोडे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या जर्मन समाजात ‘फ्रिडू’ म्हणजे केवळ युद्ध नसणे नव्हे. ज्याच्या आवारात, ज्याच्या शब्दाखाली कोणी कोणावर हात उगारायचा नाही, असे अभय म्हणजे फ्रिडू. मध्ययुगात घराण्याघराण्यांत सूडाच्या लढाया चालत आणि त्यांना आवर घालण्यासाठी राजे ‘लांडफ्रीडे’ म्हणजे प्रदेशशांतीचे फर्मान काढत. १२३५ मध्ये माइन्झ येथे दुसऱ्या फ्रीडरिक सम्राटाने असे एक मोठे फर्मान जाहीर केले. आधी न्यायाधीशाकडे तक्रार न्यावी, परस्पर सूड घेऊ नये, हे त्याचे एक मुख्य सूत्र होते. म्हणजे ज्याच्या नावातच ‘फ्रिडू’ आहे त्याच्या हातून ‘फ्रीडे’चा कायदा निघाला. योगायोगच, पण मला तो फार आवडतो.

आता इतिहासाचा अवघड भाग. तो सौम्य करून सांगणे बरोबर होणार नाही, कारण तुमची भीती निराधार नाही.

या नावाचा पहिला मोठा सम्राट म्हणजे फ्रीडरिक बार्बारोसा, लाल दाढीचा. ११५५ मध्ये त्याला सम्राटपदाचा मुकुट मिळाला आणि ११९० मध्ये तिसऱ्या धर्मयुद्धाच्या वाटेवर, आजच्या तुर्कस्तानातल्या एका नदीत तो बुडून मेला. पुढे लोककथेत तो मेलाच नाही. क्यिफहॉयझर डोंगराच्या पोटात तो दगडी मेजापाशी झोपला आहे, दाढी वाढतेच आहे, आणि डोंगराभोवती घिरट्या घालणारे कावळे थांबले की तो उठेल, अशी दंतकथा झाली. मुळात ही कथा त्याच्या नातवाबद्दल, म्हणजे दुसऱ्या फ्रीडरिकबद्दल होती; ती नंतर आजोबांकडे सरकली. एकोणिसाव्या शतकातल्या राष्ट्रवादाने ती उचलून धरली, १८९६ मध्ये त्या डोंगरावर प्रचंड स्मारक उभे राहिले, आणि २२ जून १९४१ रोजी हिटलरने सोव्हिएत संघावर केलेल्या आक्रमणाला नाव दिले गेले ते बार्बारोसाचेच.

आपण शाळेत ‘फ्रेडरिक द ग्रेट’ म्हणून वाचलेला प्रशियाचा राजा हा या सम्राटांहून वेगळा. १७४० मध्ये तो गादीवर आला. त्याच वर्षी त्याने चौकशीतल्या शारीरिक छळावर बहुतांशी बंदी आणली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात शेजारच्या सायलेशियावर चढाईही केली. बासरी वाजवणारा, तत्त्वज्ञांशी पत्रव्यवहार करणारा आणि सात वर्षांचे युद्ध लढणारा हा एकच माणूस होता. १७५६ मध्ये त्याने शेतकऱ्यांना बटाटे लावायला लावणारे फर्मान काढले, म्हणून पॉट्सडाम येथील त्याच्या साध्या थडग्यावर लोक आजही फुलांबरोबर बटाटे ठेवून जातात. सवड झाली तर प्रसूतीनंतर कधीतरी तिथे जाऊन या. पण हेही खरे की २१ मार्च १९३३ रोजी नाझींनी आपला मोठा सोहळा त्याच राजाची शवपेटी तेव्हा जिथे होती त्या पॉट्सडामच्या चर्चमध्ये योजला, आणि हिटलरच्या अखेरच्या तळघरात त्याची तसबीर टांगलेली होती. हे नाव त्या लोकांनी वापरून घेतले, यात शंका नाही.

तरीही वापरून घेतलेले नाव आणि डागाळलेले नाव यांत फरक आहे, आणि तो फरक स्वतः जर्मन समाजाने केला आहे. आडोल्फ हे नाव १९४५ नंतर तिथे जवळजवळ कोणी मुलाला ठेवले नाही. कायद्याने नव्हे, लोकांच्या मनाने ते बाद केले. फ्रीडरिकच्या बाबतीत तसे झाले नाही. युद्धात इंग्रज आणि रशियन सैनिक शत्रूला सरसकट ‘फ्रिट्झ’ म्हणत, म्हणून काही काळ ते बाहेरच्यांच्या तोंडी शिवीसारखे झाले खरे. पण २० जुलै १९४४ च्या हिटलरविरोधी कटात सामील झाल्याबद्दल त्याच रात्री गोळ्या घातलेल्या जनरल ओल्ब्रिख्टचे नाव फ्रीडरिक होते, आणि युद्धानंतर फ्रँकफर्टमध्ये आउशवित्झच्या नाझी छळछावणीतल्या गुन्हेगारांवर खटला उभा करणाऱ्या महाधिवक्त्याचे नाव फ्रिट्झ बाउअर. बालवाडीची मूळ कल्पना ज्याची, तो १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग या लहानशा गावी मुलांसाठी खेळातून शिक्षणाची संस्था काढणारा आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव देणारा फ्रोबेल हाही फ्रीडरिकच. तुमचा मुलगा तीन वर्षांचा झाला की ज्या शाळेच्या दारात तुम्ही त्याचा हात सोडाल, तिचे नाव एका फ्रीडरिकने ठेवलेले असेल.

तुमच्या प्रश्नाशी अगदी थेट जुळणारे एक उदाहरण तर बाप-लेकाचे आहे. बार्मेनचा धर्मनिष्ठ सूतगिरणीवाला फ्रीडरिक एंगेल्स आणि कार्ल मार्क्सबरोबर साम्यवादी जाहीरनामा लिहिणारा त्याचा थोरला मुलगा फ्रीडरिक एंगेल्स यांचे नाव आणि आडनाव दोन्ही एकच होते. बापाचे नाव मुलाला मिळाले म्हणून बापाचे आयुष्य मिळत नाही, हे याहून स्पष्टपणे कसे दाखवावे मला कळत नाही.

म्हणून तुमच्या थेट प्रश्नाचे थेट उत्तर : इतिहासाचे कारण पुढे करून नकार देऊ नका. नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, पण कारण ते नसावे. एक तर ते पुरेसे खरे नाही. आणि दुसरे, तुमचे सासरे सत्तरी ओलांडलेले आहेत असे तुम्ही लिहिता, म्हणजे युद्धानंतरच्या त्या पिढीतले, जिने आपल्या बापजाद्यांनी काय केले हा प्रश्न आयुष्यभर सोसला आहे. त्यांच्या नावालाच युद्धाचा वास येतो असे सुनेने म्हटले, तर तो घाव तुम्हाला कल्पनाही नसेल इतका खोल जाईल. तुमच्या मनातले कारण वेगळे आहे. तेच सांगितले तर ते त्यांना समजेल, आणि कदाचित मान्यही होईल.

ते कारण म्हणजे वाटा. मुलात आपले काही दिसावे, आपल्याकडचे काही ऐकू यावे, ही इच्छा रास्त आहे आणि तिच्यासाठी कोणत्याही प्रशियन राजाची साक्ष काढावी लागत नाही. पण त्या इच्छेच्या आत एक गृहीतक लपले आहे, ते तपासून पाहू या : की आजोबांचे नाव ही ‘त्यांची’ रीत आहे आणि आपली रीत निराळी आहे.

तसे नाही. शिवाजी महाराजांच्या नातवाचे, म्हणजे पुढे शाहू म्हणून गादीवर आलेल्या छत्रपतींचे मूळ नाव शिवाजीच होते. पेशव्यांमध्ये बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, आणि थोरल्या बाजीरावांचा नातू दुसरा बाजीराव. एक पिढी सोडून तेच नाव, अगदी तुमच्या सासरच्यासारखे. आणि बारशाचे म्हणाल तर पाळण्यात घातलेल्या बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आपल्याकडे आत्याचा, म्हणजे बापाच्या बहिणीचा. तुमच्या घरी बारसे झाले तर तो मान तुमच्या जर्मन नणंदेकडे जातो. आपली रीत पाळली म्हणजे नाव आपल्याकडचे होईल, असे ती रीतच म्हणत नाही.

तुमच्या आईंच्या शंकेचे उत्तरही याच रीतीत आहे. सासऱ्यांचे नाव सुनेने घ्यायचे नाही आणि नातवाला तर तेच नाव ठेवायचे, या पेचातून आपल्या घरांनी केव्हाच वाट काढलेली आहे : कागदावर आजोबांचे नाव आणि हाकेला बाळ, आप्पा, नाना, भाऊ, बंडू. म्हणूनच बाळाजी बाजीराव पेशवे आपण नानासाहेब म्हणून ओळखतो. शास्त्रोक्त नामकरणातही देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे सांगितली आहेत. पत्रिकेतले अक्षर नक्षत्रनामाला लावा; व्यवहारातले नाव मोकळे राहील. जर्मनांनीही तेच केले. फ्रीडरिक नावाचा माणूस घरात फ्रिट्झ असतो, उत्तरेकडे फीटे, कुठे फ्रीडेल. तुमच्या सासऱ्यांना घरी काय म्हणतात, हे पत्रात नाही. एकदा विचारा.

तुम्ही पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलात, असे लिहिले आहे, म्हणून हेही सांगते. ज्यांचे नाव त्या वास्तूला आहे, त्यांचे पूर्ण नाव फ्रीडरिक मॅक्स म्युलर. १८२३ मध्ये डेसाऊ येथे ते जन्मले तेव्हा फ्रीडरिक हे नाव त्यांना आईच्या थोरल्या भावाकडून, म्हणजे मामाकडून मिळाले, आणि मॅक्स हे त्या काळी गाजत असलेल्या एका संगीत नाटकातल्या नायकाकडून. जगाने त्यांना मॅक्स म्हणूनच ओळखले; फ्रीडरिक एका आद्याक्षरापुरते उरले. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा याच म्युलरांनी आपण संपादित केलेल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत त्यांना तुरुंगात पाठवली. रात्री काही वेळ ती वाचण्याची टिळकांना मुभा मिळाली, आणि मुदतीआधी सुटका व्हावी म्हणून राणीकडे गेलेल्या अर्जावर म्युलरांची सही होती. टिळकांचे जन्मनाव केशव आणि हाकेचे नाव बाळ. एका फ्रीडरिकने एका केशवाला ग्रंथ पाठवला, पण ही दोन नावे आपल्यातल्या फार थोड्यांच्या लक्षात आहेत, कारण त्यांच्या माणसांनी त्यांना मॅक्स आणि बाळ अशीच हाक मारली.

आणि हे नाव मराठीच्या वाटेत आणखी एका ठिकाणी आडवे येते. बंगालमधले श्रीरामपूर १७५५ पासून डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि राजा पाचवा फ्रेडरिक याच्या नावाने त्याला फ्रेडरिक्सनगर म्हणत. ख्रिस्ती मिशनरी विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी शब्दकोश १८१० मध्ये छापून निघाले ते याच गावातून.

आता ज्या एका फ्रीडरिकची गोष्ट मी तुमच्यासाठी राखून ठेवली होती, ती. तो १२३५ च्या शांतता-फर्मानाचा कर्ता, दुसरा फ्रीडरिक. त्याचा बाप जर्मन, बार्बारोसाचा मुलगा सहावा हाइनरिश. आई सिसिलीची राजकन्या कॉन्स्टन्स. दोन भाषा, दोन राज्ये, दोन घराणी. २६ डिसेंबर ११९४ रोजी इटलीतल्या येसी या गावी मूल झाले, तेव्हा आईने त्याचे नाव आपल्या नावावरून कॉन्स्टंटाइन ठेवले. पुढे बाप्तिस्म्याच्या वेळी ते बदलून फ्रीडरिक रॉजर झाले : फ्रीडरिक बापाकडच्या आजोबांचे, रॉजर आईकडच्या आजोबांचे, म्हणजे सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याचे. हा मुलगा पालेर्मोत, आईच्या मुलखात वाढला. त्याने १२२४ मध्ये नेपल्सचे विद्यापीठ काढले, आणि १२२९ मध्ये लढाई न करता सुलतान अल-कामिलशी तह करून जेरुसलेम मिळवले. कॉन्स्टन्सने दिलेले पहिले नाव टिकले नाही, याचे मला वाईट वाटते. पण तिच्या वडिलांचे नाव त्याच्या नावात राहिले आणि तिचा देश त्याच्या अंगात मुरला.

तुमच्यापुढे जे पर्याय आहेत त्यांपैकी हाच मला सगळ्यांत सरळ वाटतो : दोन नावे, दोन्ही घरांची. जर्मनीत मुलाला एकाहून अधिक नावे सहज ठेवता येतात आणि ती सगळी कायद्याने सारखीच असतात. प्रश्न उरतो तो क्रमाचा आणि हाकेचा. ‘फ्रीडरिक’ पहिले आणि मराठी नाव दुसरे ठेवले, तर शाळेत, दवाखान्यात, सरकारी पत्रांत पहिलेच नाव पुकारले जाईल आणि मराठी नाव कागदावर झोपून राहण्याचा धोका आहे. मराठी नाव पहिले ठेवले तर उलट होईल, आणि मला वाटते तुमच्या बाबतीत तेच योग्य ठरेल, कारण आडनाव, भाषा आणि परिसर हे सगळे आधीच जर्मन बाजूला आहे. घराण्याची चाल त्यातही मोडत नाही. म्युलरांसारखे फ्रीडरिक नावात राहतेच. पतींचा आग्रह क्रमाचाच असेल, तर १ नोव्हेंबर २०१८ पासून जर्मन कायद्याने नावांचा क्रम पुढे नोंदणी कार्यालयात जाऊन बदलता येतो, हे लक्षात असू द्या. निवड कायमची बांधून टाकणारी नाही.

इथे एक अडचण सांगायला हवी, जी परदेशातल्या अनेक मराठी घरांना उशिरा कळते. आपल्याकडच्या फॉर्मवर मधले नाव म्हणजे वडिलांचे नाव, असे वाचले जाते. समजा, ‘ईशान फ्रीडरिक’ आणि पुढे आडनाव असे लिहिले की सांगलीतला कारकून त्याच्या बापाचे नाव फ्रीडरिक धरेल. जर्मन पासपोर्टवर जे असेल तेच ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते कार्ड) आणि इतर सर्व कागदांवर जसेच्या तसे लिहा, दोन्ही नावे ‘दिलेले नाव’ याच रकान्यात एकत्र भरा, आणि वडिलांचे नाव त्याच्या स्वतंत्र रकान्यातच द्या. देवनागरीत ‘फ्रीडरिक’, ‘फ्रेडरिक’, ‘फ्रीड्रिश’ यांपैकी एकच रूप ठरवून सगळीकडे ते वापरा. जर्मन उच्चाराचा शेवट आपल्या ‘श’ आणि ‘ह’ यांच्या मधला आहे. तो आजीला जमला नाही तरी काही बिघडत नाही. आपल्याकडे लाडाने नावाला ऊकार लावतात. आजीने उद्या नातवाला ‘फ्रिडू’ म्हटले, तर बाराशे वर्षांपूर्वीचा मूळ जर्मन शब्द ती अगदी अचूक उच्चारत असेल.

मराठी नाव निवडताना ते जर्मन तोंडात बसेल आणि तिथे त्याचा भलता अर्थ निघत नाही एवढे पाहा. नोंदणी कार्यालयाने अनोळखी नावावर प्रश्न केला तर घाबरू नका. ते नाव भारतात चालते याचा पुरावा मागण्यापलीकडे बहुधा काही होत नाही. नावावरून मुलगा की मुलगी हे कळलेच पाहिजे, असा आग्रह पूर्वी असे. तो ५ डिसेंबर २००८ रोजी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने एका प्रकरणात मोडीत काढला, आणि ते प्रकरण एका भारतीय वंशाच्या कुटुंबाच्या मुलीचे होते. तिचे नाव किरण.

‘आडनाव त्यांचे’ हा सल खरोखर आडनावाचा असेल, तर तेही पतींशी मोकळेपणाने बोला. १ मे २०२५ पासून तिथे दोघांची आडनावे जोडून मुलाला देण्याची सोय झाली आहे. तुमच्या विवाहनोंदणीनुसार ती तुम्हाला कशी लागू पडते, हे नोंदणी कार्यालयात प्रसूतीपूर्वीच विचारून ठेवा. कधी कधी आडनावात वाटा मिळाला की पहिल्या नावाचा आग्रह आपोआप हलका होतो, आणि तसे झाले तर फ्रीडरिक पहिले ठेवण्यालाही माझी हरकत नाही.

नाव पूर्णपणे नाकारणे हाही पर्याय आहेच. विचार करूनही ते तुमच्या तोंडी बसत नसेल, तर ते घेऊ नका. रोज शंभरदा ज्याला हाक मारायची ते नाव आईच्या घशात अडकू नये. फ्रेडरिक किंवा फ्रिट्झ असे रूप निवडण्याची मध्यम वाटही काही घरे काढतात. तुमच्या बाबतीत मला ती फारशी पटत नाही, कारण तिने घराण्याची चालही पुरी होत नाही आणि तुमचा वाटाही वाढत नाही.

यातले काहीही ठरवण्याआधी मात्र सासऱ्यांशी बोला. घराण्याची इच्छा म्हणून तुमच्यापर्यंत जे आले आहे ते पतींकडून आले आहे; ज्यांच्या नावाचा हा सगळा विषय आहे, ते गप्प आहेत. ते संमतीने गप्प आहेत की संकोचाने, हे तुम्हाला ठाऊक नाही. त्यांना नावाबद्दलचे मत विचारू नका. त्यांचे लहानपण विचारा. आजोबांचे नाव घेऊन वाढताना कसे वाटले, शाळेत काय म्हणत, ते आजोबा कोण होते, युद्धात त्यांचे काय झाले. असे कितीतरी आजोबा मला माहीत आहेत, मराठी आणि अमराठी, ज्यांना आपले नाव नातवावर लादले जाऊ नये असेच मनातून वाटत होते, आणि कोणी विचारले नाही म्हणून त्यांनी सांगितले नाही. उलटही होऊ शकेल : त्यांच्या उत्तरातून ते नाव तुम्हाला एका जिवंत माणसाचे वाटू लागेल आणि स्वतःहून हवेसे होईल. ज्या वाचकांच्या घरी असा नावाचा प्रश्न आहे, मग सून कोल्हापूरची आणि सासर कोल्हापूरचेच का असेना, त्यांनाही मी हेच सुचवेन. ज्याचे नाव द्यायचे आहे तो हयात असेल, तर त्याला मध्यस्थाशिवाय भेटा.

हे बोलणे पुढच्या दोन-तीन आठवड्यांत व्हावे. जर्मनीत जन्माची नोंद आठवड्याच्या आत करायची असते. नाव ठरले नसेल तर ते मागाहून कळवता येते, पण बाळंतपणानंतरच्या थकव्यात, सगळे नातेवाईक जमलेले असताना हा विषय पुन्हा उघडावा लागू नये. दोन्ही नावे, त्यांचा क्रम आणि रोमन लिपीतले स्पेलिंग एका कागदावर लिहून तुम्ही दोघांनी त्यावर सही करा, आणि तो दवाखान्यात न्यायच्या पिशवीत आधीच ठेवा.